वजन 78, पोट सुटलंय, हात बारीक: जिमची सुरुवात कशी करावी?

कोथरूडकर:
वय 31, उंची 5 फूट 7 इंच, बेंबीपाशी घेर 38 इंच, बैठं काम. अंडी चालतात, मांस-मासे नाही. आठवड्यातून तीन दिवस तासभर निघेल. ट्रेनर म्हणतो, आधी दोन महिने फक्त ट्रेडमिल, चरबी उतरली की वजनं. तीही एक दिवस छाती, एक दिवस पाठ अशी. हे बरोबर आहे का? शिवाय स्क्वॉटमध्ये (बैठकीत) खाली जाताना टाचा उचलल्या जातात.

बारबेल_भाऊ:
नुसतं ट्रेडमिल आणि कमी जेवण केलंत तर काटा खाली येईल, पण चरबीबरोबर स्नायूही जाईल. पोट थोडं कमी आणि हात आणखी बारीक. नवख्याला चरबी घटवणं आणि स्नायू वाढवणं एकदमच साधतं, ती संधी ट्रेडमिलवर घालवू नका.

सोम-बुध-शुक्र, दर वेळी पूर्ण शरीर, दोन पाळ्या आलटून पालटून. एका दिवशी गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठक), डंबेल बेंच प्रेस (बाकावर झोपून डंबेल वर ढकलणं), केबल रो (बसून केबल पोटाकडे ओढणं), प्लँक (कोपरांवर शरीर सरळ ताठ धरणं). दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट (वजन हातात धरून, पाठ सरळ ठेवून पुढे झुकणं), शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं), लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली जाणं). बायसेप्स कर्लचे (दंडाच्या व्यायामाचे) दोन सेट (फेऱ्या) शेवटी, हौस म्हणून. बाकी सगळ्याचे (प्लँक सोडून) 3 सेट, दर सेटला 8 ते 12 रेप्स (आवर्तनं), मध्ये 2 मिनिटं विश्रांती. सेट संपताना अजून दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं तर वजन योग्य. पाच निघत असतील तर हलकं. तिन्ही सेटना 12 झाल्या की पुढचं डंबेल उचला. रेप्स परत 8 वर येतील, ते अपेक्षितच आहे. आकडे वहीत लिहा, नाहीतर तीन महिन्यांनीही तेच 10 किलो हातात असेल.

एक दिवस एक अवयव यात गोची अशी की छातीचा एक सोमवार बुडाला की थेट चौदा दिवसांचं अंतर पडतं.

समतोल:
टाचांचं बघा. बहुतेक वेळा घोटा पुरेसा वाकत नाही म्हणून हे होतं. दोन्ही टाचांखाली 2.5 किलोची एकेक प्लेट ठेवा, डंबेल छातीशी उभं धरा, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जाऊ द्या. मऊ गादीचे रनिंग शूज नकोत. सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट बरे. रोमानियन डेडलिफ्टमध्ये पाठ वाकवायची नाही, कुल्ले मागे ढकलायचे. ताण मांडीच्या मागे यायला हवा. तो कमरेत येत असेल तर वजन कमी करा.

ताक_पिठलं:
खाण्याचं कुणी बोललं नाही! रोज 110 ते 120 ग्रॅम प्रोटीन हवं. 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून 26, तीन अंड्यांतून 18, 100 ग्रॅम पनीरमधून 18, अर्धा लिटर दुधातून 16, दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीच्या उसळीतून 14, पाच पोळ्यांतून 15. झाले 107. शेंगदाण्याच्या भरवशावर राहू नका. 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रोटीन असलं तरी कॅलरी साडेपाचशेच्या वर.

कपात तेलातून करा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर लागत असेल तर माणशी रोज सुमारे 270 कॅलरी नुसत्या तेलाच्या. फोडणी पळीने न ओतता चमच्याने मोजा आणि संध्याकाळचं फरसाण सोडा, तीनचारशे कॅलरी तिथेच निघतील. भात-पोळी तोडायची गरज नाही.

कोथरूडकर:
आभार. पोटासाठी क्रंचेस करू का? आणि व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर), क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर)?

बारबेल_भाऊ:
क्रंचेसने पोटावरचीच चरबी जात नाही, ती कुठून आधी जाईल ते आपल्या हातात नसतं. दूध-पनीर जमेना त्या दिवशी व्हेचा एक स्कूप, साधारण 24 ग्रॅम. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम, जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून वजन किलोभर वाढू शकतं, घाबरून जेवण तोडू नका. रोज सकाळी शौचानंतर वजन करा, आठवड्याची सरासरी काढा आणि दर रविवारी बेंबीपाशी टेप लावा. घेर कमी होतोय आणि वहीतली वजनं वाढताहेत, तर काटा हलला नाही तरी काहीही बदलू नका. तीन आठवडे घेरही जागचा हलला नाही, तर रोजची एक पोळी कमी करा.