मदत हवी आहे : तालमीतल्या पोराला स्वतःचं अंगच आवडेनासं झालंय

नमस्कार मंडळी. माझा धाकटा १६ वर्षांचा, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या तालमीत तिसरं वर्ष. आधी लाल माती अंगाला तशीच घेऊन घरी यायचा, इतका अभिमान! आता चार महिने झाले, रात्री सिक्स पॅकवाल्यांचे रील्स बघतो आणि आरशासमोर पोट आत ओढून उभा राहतो. परवा म्हणाला, "आई, मला माझ्याकडं बघवत नाही."

दूध-बदाम नको, पावडरचा डबा हवा. कुणीतरी त्याला इंजेक्शनचंही सुचवलंय, तिथं माझा जीव थरथरला. स्टेरॉइडनं या वयात हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटू शकते, हे सांगितलं तर "तुला काय कळतंय" म्हणतो. यांनी मोबाईल काढून घेतला, तर दोन दिवस जेवला नाही. वस्ताद रागावले की आणखीच मिटतो.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, तिथं कुणी मुलासाठी बोललंय का? राजारामपुरी-शाहूपुरीकडं वयात आलेल्या मुलांशी नीट बोलणारे समुपदेशक माहीत आहेत का? आणि वस्तादांना इंजेक्शनचं सांगू की आधी पोराशीच बोलू? कुणाच्या घरात असं झालं असेल तर कृपा करून सांगा.