सुटकेची कविता, पण आनंद कुठे?

प्रश्न: जर्मन ज्यू कवयित्री नेली झाक्स यांची ‘वाचलेल्यांचे वृंदगान’ (१९४७) ही कविता सोलापूरच्या आमच्या वाचनकट्ट्यावर घेतोय. नाझी छळातून जिवंत सुटलेली माणसं ‘सूर्य हळूहळू दाखवा’ असं का विनवतात?

उत्तर: दादा, आधी ‘अजून’ शब्दावर खुणा करा. फास अजून लोंबतात, वाळूच्या घड्याळांत अजून रक्त ठिबकतं. सुटका तारखेला झाली, शरीरात नाही. बर्गन-बेल्सन ही नाझी छळछावणी १५ एप्रिल १९४५ला मुक्त झाली. त्यानंतरही टायफस आणि उपासमारीनं १३,०००हून अधिक जण दगावले.

विहिरीवर बादली भरणंही नीट सीलबंद न झालेलं दुःख फोडेल, ही भीती सगळ्यात भेदक! मात्र आत्मचरित्र समजू नका; झाक्स १९४०मध्येच स्वीडनला निसटल्या होत्या. बोलणारे ‘आम्ही’ आहेत, म्हणून चार-पाच आवाजांत वाचा, हळू.