ऑर्केस्ट्रासाठी पहिली बेस गिटार: 25 हजारांत चार तारी की पाच तारी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा हौशी ऑर्केस्ट्रा आहे. गणपती, नवरात्र, कोजागिरी, अधूनमधून लग्नाचं संगीत. भावगीतं आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातली हिंदी गाणी जास्त. आजवर बेस आमचा कीबोर्डवालाच डाव्या हाताने सांभाळायचा. तो नोकरीसाठी हैदराबादला चाललाय आणि मी रिदम गिटारवाला, म्हणून बेस माझ्या गळ्यात पडली आहे.

बजेट सगळं मिळून 25 हजार. ॲम्पही त्यातच. सेकंडहँड चालेल. तीन गिटारी हेरून ठेवल्यात. कोल्हापुरात यामाहा टीआरबीएक्स 174, मालक 11 हजार म्हणतो, तारा गंजलेल्या दिसतात. पुण्यात स्क्वायरची ॲफिनिटी जॅझ बेस 14 हजारांना, मालकाचं म्हणणं "फेंडरच आहे, फक्त नाव वेगळं". ठाण्यात आयबानेझ जीएसआर 205, पाच तारी, 17 हजार.

पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर आमचा गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी चार किंवा पाच. मित्र म्हणतो काळी एक असेल तर पाच तारीच लागणार. खरं आहे का? आणि 40 वॅटचा ॲम्प पुरेल का?

डेक्कन_जिमखाना

यामाहा घ्या. विषय संपला.

गिरगावचा_खर्ज

विषय इतक्यात संपत नाही हो. 😄

कृष्णाकाठ, तुम्ही पट्टी सांगितलीत हे फार बरं केलंत. नाहीतर लोक नुसतं "कुठली घेऊ" विचारतात. चार तारीची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. काळी एकचा सा तिच्या खाली जातो, हे मित्राचं खरं. पण म्हणून अडत काहीच नाही. तो सा तुम्हाला ए तारेवर चौथ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) मिळतो, आणि खर्जातला पंचम शेजारच्या ई तारेवर त्याच चौथ्या फ्रेटला. सा-पंचम, सा-पंचम करत अर्धी भावगीतं त्या दोन बोटांच्या जागेत निघतात. गायिकेची काळी चार ई तारेवर चौथ्याला, काळी पाच सहाव्याला. म्हणजे तिथे तर प्रश्नच नाही.

तुम्ही ज्या काळातली हिंदी गाणी वाजवता, त्यांत ऐकू येणारी बेस चार तारीच आहे. पंचमदांच्या (आर. डी. बर्मन) ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे, त्यांचं काम कान देऊन ऐका. खालच्या सुरापेक्षा कुठे थांबायचं याचं भान जास्त दिसेल.

आता आकड्यांत बघा. पाच तारीच्या मोकळ्या बी तारेची कंप्रता 31 हर्ट्झच्या आसपास आणि तिच्यावर दुसऱ्या फ्रेटला वाजणारी काळी एक साधारण 35. मंडपवाल्याच्या स्टँडवरच्या बॉक्समधून 35 हर्ट्झ बाहेर पडत नाही. सबवूफर असेल तर वेगळं. नसेल तर तुम्ही जीव तोडून खालचा सा वाजवणार आणि लोकांना त्याच्या वरच्या सप्तकाचा अंश तेवढा ऐकू येणार.

तळजाई_ग्रूव्ह

काकांशी अर्धा सहमत. पाच तारी फक्त खालच्या सुरांसाठी घेतात हा गैरसमज आहे. मी घेतली ती हात कमी हलवावा लागतो म्हणून. पाचव्या-सहाव्या फ्रेटला हात ठेवला की बी तारेवर खालची ई-एफ मिळतात, शेंड्याकडे धावावं लागत नाही. गायकाने ऐनवेळी "आज अर्धा सूर खाली घेऊ" म्हटलं तरी मोकळ्या तारांची आखणी बिघडत नाही, सगळं एक घर सरकतं.

पण तुमच्यासाठी मीही चार तारीच म्हणेन, कारण वेगळं आहे. स्वस्त पाच तारीवर बी तार ढिली लागते. 34 इंची स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीवर, 130 ची (इंचाचे हजारावे भाग) जाड तार, ताण कमी, सूर स्पष्ट फुटत नाही. रिदम गिटारवरून येणाऱ्याला न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवायची सवय नसते, त्यात आणखी एक जाड तार गुणगुणत राहते.

कृष्णाकाठ

काका, पट्टीचं इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. मग ठाण्याची बाजूला ठेवतो. यामाहा आणि स्क्वायरमध्ये आवाजाचा फरक किती?

म्हापशेंकार

देव बरें करूं. गोव्यातून लिहितोय. लग्नाच्या बँडमध्ये बरीच वर्षं वाजवतो.

फरक पिकअपचा, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागाचा. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणली, 1957 मध्ये तिला दोन तुकड्यांचा पिकअप बसवला, 1960 मध्ये जॅझ बेस आली. आजच्या बहुतेक स्वस्त बेस यांच्यापैकीच कुणाच्या तरी लेकी. टीआरबीएक्स 174 मध्ये मानेच्या बाजूला प्रिसिजनसारखा तुकड्यांचा पिकअप आणि ब्रिजजवळ जॅझसारखा एक. ऑर्केस्ट्रात ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळे असतात. त्या गर्दीत मानेजवळचा पिकअप एकटा ठेवून टोन थोडा उतरवला की बेस जागा धरते. जॅझचा आवाज जास्त सुबक, मान नटपाशी, म्हणजे शेंड्याजवळच्या खाचांच्या पट्टीपाशी, अरुंद. गिटारवाल्याच्या हाताला ती लगेच आवडते.

जॅझ तपासताना एक ध्यानात ठेवा. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की शांत, आणि एक कमी केला की घुंइंइं सुरू. हा बिघाड नाही, एकेरी कॉइलचा स्वभाव आहे. बरेच जण घाबरून सौदा सोडतात. हुशार गिऱ्हाईक हेच दाखवून भाव पाडतं, ते वेगळं.

नाव बघण्याआधी मान बघा. शेंड्याकडून एक डोळा मिटून मानेच्या दोन्ही कडा बघा. हलका बाक चालतो, पीळ चालत नाही. मग ई तार पहिल्या फ्रेटला आणि शेवटच्या फ्रेटला एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा आवळून सुधारते, पण रॉड फिरतोय याची खात्री मालकासमोरच करा. ॲलन की घेऊन जा. "थोडा घट्ट आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

बाकी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, कुठे खरखरतं का. बारावा फ्रेट आणि बाराव्यावरचा हार्मोनिक ट्यूनरवर जुळतात का. नॉब फिरवताना चरचर होते का. चरचर असेल तर काळजी नको, काँटॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर नवा जॅक स्वस्त आहे. फ्रेट चपटे झाले असतील तर मात्र तो खर्च गिटारीच्या किमतीच्या मानाने जड पडतो.

वाळवा_लेस_पॉल

स्क्वायरच्या शेंड्यामागचा नंबर मागवा. आयसीएसने सुरू होत असेल तर इंडोनेशियातल्या कॉर्टच्या कारखान्यातली, पुढचे दोन आकडे साल. आयसीएस 16 म्हणजे 2016. स्क्वायर फेंडरचाच स्वस्त ब्रँड, त्यामुळे मालक खोटं बोलत नाहीये. पण "फेंडरच आहे" या वाक्याचे पैसे देऊ नका.

माझ्याकडेही एक शॉर्ट स्केल बेस पडून आहे, रस असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक

विक्रीसाठी वेगळा विभाग आहे, कृपया तिथे टाका. इथे सल्ला चालू द्या.

मिरजवेस

सांगलीकरांनो, मिरज शेजारी आहे म्हणून सतारमेकरकडे सेटअपला (मान, तारा नीट लावून घ्यायला) नेऊ नका बरं. तंबोरा आणि सतारीच्या जवारीत त्यांचा हात धरणारा नाही, नटची खाच घासून घ्यायची असेल तर त्यांच्याइतकं बारीक काम कुणी करणार नाही. पण ट्रस रॉड त्यांच्या वाद्यात नसतोच. कोल्हापूर-पुण्यात गिटार सेटअप करणारा कुणीतरी गाठा.

गिरगावचा_खर्ज

ॲम्पचं राहिलंच. 40 वॅटचा बेस ॲम्प घरी आणि तालमीला छान. ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की तो फक्त तुम्हाला स्वतःला ऐकू यायला उपयोगी. प्रेक्षकांपर्यंत आवाज मंडपवाल्याच्या मिक्सरमधूनच जाणार. म्हणून पैसे डीआय बॉक्सवर, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीवर, खर्च करा. बेहरिंगरचा बीडीआय 21 स्वस्त आहे, डीआयही आहे आणि थोडा प्रीॲम्पही. बेस थेट मिक्सरच्या लाइनला खुपसली तर आवाज पातळ येतो, आणि लांब केबलने घरघर घेतो ती वेगळीच.

घरघरीवरून आठवलं. जनरेटरवरचा मंडप असला की अर्थिंगचे हाल असतात. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटन असतं, आधी ते दाबून बघा. तीन पिनी प्लगची अर्थ पिन काढून टाकायची "युक्ती" साउंडवाले हमखास सुचवतात. ती अजिबात करू द्यायची नाही. एक हात तारांवर आणि ओठ माईकला लागले की झटका थेट तोंडाला बसतो, आणि दर वेळी तो हसण्यावारी नेण्याइतका छोटा नसतो.

आणि तुमचा कीबोर्डवाला हैदराबादला चाललाय ना? त्याचा कीबोर्ड ॲम्प तो घेऊन जाणार आहे का विचारा. बेताच्या आवाजात बेस त्यातून चांगली वाजते. रिदम गिटारचा ॲम्प मात्र वापरू नका, मोठ्या आवाजात त्याचा स्पीकर फाटतो.

इचलकरंजी_लूम

कीबोर्डवाला बदली द्या ना सरळ. डाव्या हाताने बेस फुकटात येते.

तळजाई_ग्रूव्ह

येते, पण स्वर दाबला की पट्टकन सुरू आणि सोडला की पट्टकन बंद. भावगीतात बेसचा सूर हळूच उतरायला लागतो, घसरायला लागतो. आणि डावा हात बेसमध्ये अडकला की त्याच कीबोर्डवाल्याकडून तुम्हाला हवे असलेले स्ट्रिंग्ज अर्धेच मिळतात.

कृष्णाकाठ

मंडळी, अपडेट. पुण्याच्या मालकाशी व्हिडिओ कॉल झाला. नंबर आयसीएस 15, म्हणजे दावा खरा. रॉड फिरवून दाखवा म्हटलं तर "दुकानात करून घ्या, मी हात लावत नाही" असं उत्तर. म्हापशेंकारांचा चहा आठवला आणि फोन ठेवला.

रविवारी कोल्हापूरला जाऊन यामाहा बघितली. मान सरळ, रॉड मऊ फिरतो. ब्रिजजवळच्या पिकअपचा व्हॉल्यूम चरचरतो. ई तारेला दुसऱ्या फ्रेटवर खरखर होती, रॉड थोडा सोडल्यावर गेली. तारा इतक्या गंजलेल्या की बोटं केशरी झाली. साडेनऊवर सौदा झाला. तारांचे दोन हजार, सेटअपचे हजार, जुना बीडीआय 21 अडीच हजारांत मिळाला, केबल आणि पट्टा दीड हजार. कीबोर्डवाल्याचा ॲम्प सहा हजारांना द्यायला तो तयार आहे. म्हणजे साडेबावीस हजारांत सगळं.

आता शेवटची शंका. तारा कुठल्या बसवू, आणि बोटाने वाजवू की पिकने?

म्हापशेंकार

अभिनंदन! 45 ते 100 किंवा 45 ते 105 च्या साध्या राउंडवाउंड (गोल तारेच्या वेटोळ्याच्या) बसवा, डॅडारियोच्या ईएक्सएल 170 किंवा 165. फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या) जुन्या गाण्यांना शोभतात, महाग असतात पण खूप टिकतात. त्या पुढच्या वर्षी. जुना सेट फेकू नका. गंज पुसून पाण्यात उकळला आणि नीट वाळवला की काही दिवस पुन्हा खणखणतो, तालमीला चालतो. इतक्या गंजलेल्याचा भरवसा नाही, तरी करून बघा.

आमच्याकडे किनाऱ्यावर दर कार्यक्रमानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्याच लागतात. तुमच्याकडे हवा कोरडी, पण जून-जुलैत मान फुगेल आणि ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बदलेल. तेव्हा लगेच रॉडला हात घालू नका. एक-दोन आठवडे हवा स्थिरावू द्या, मग बघा.

गिरगावचा_खर्ज

आधी बोटाने. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, अंगठा पिकअपवर टेकवून. रिदम गिटारवाला पिक हातात घेतो आणि बेसवरही चार-चार स्ट्रोक मारत सुटतो, मग ढोलकीवाल्याशी भांडण. पहिल्या तालमीला फक्त ढोलकीच्या समेवर सा द्या, बाकी काही नाही. ढोलकीवाला हसला की पंचम जोडा.

डेक्कन_जिमखाना

मी पहिल्याच दिवशी यामाहा सांगितली होती. 😌

तळजाई_ग्रूव्ह

कृष्णाकाठ, ती ठाण्याची जीएसआर अजून विकली गेली नसेल तर मालकाचा संपर्क मला व्यनि करा ना. आमच्या ग्रुपमधला एक पोरगा पाच तारी शोधतोय. आणि त्याला सांगतो, बॅटरीचा कप्पा उघडून बघ. त्या मॉडेलला 9 व्होल्टची बॅटरी लागते, आणि पडून राहिलेल्या गिटारीत ती फुटून संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकते.

कृष्णाकाठ

आहे अजून, कालच मालकाचा मेसेज आला, 15 पर्यंत खाली आलाय. व्यनि केला आहे.