अळंबी, अळिंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री: एकच की वेगवेगळं?

नौपाडा (प्रश्न)
पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडच्या बायका पानात बांधून विकायला आणतात ती 'अळंबी'. कृषी विभागाच्या पत्रकात 'अळिंबी', शाळेच्या पुस्तकात 'भूछत्र' आणि सोसायटीच्या लॉनवर उगवली की 'कुत्र्याची छत्री'. ही एकाच वस्तूची नावं आहेत का? आणि अळंबी 'ती' की 'ते'?

पारसिककर
व्याकरण आधी. एकवचन 'अळंबे', नपुंसकलिंगी, अनेकवचन 'अळंबी'. 'अळंबी आली' हे वाक्य नपुंसक अनेकवचनालाही चालतं आणि स्त्रीलिंगी एकवचनालाही, त्यामुळे लिंग सरकलं असावं. फरक विभक्तीत दिसतो: 'अळंब्यांची भाजी' आणि 'अळंबीची भाजी'. शहरात दुसरं रूढ आहे, चूक कुठलंच नाही. 'अळिंबी' हा लागवडीच्या साहित्यातला शब्द: धिंगरी अळिंबी, बटण अळिंबी. 'भूछत्र' संस्कृतातून आलेला, पुस्तकी.

मुरबाडी
बाजारात आणि पाड्यावर 'अळंबी' म्हणजे सरसकट मशरूम नव्हे. ती वारुळावरची, खायची. वारूळ मुंग्यांचं म्हणतात, पण ही अळंबी वाळवीच्या वारुळाची. वाळवी जमिनीखाली पालापाचोळा चावून त्याचा स्पंजासारखा मळा करते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. आषाढ-श्रावणात त्या मळ्यातून देठ माती भेदून वर येतो. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवीशिवाय तिची लागवड जमलेली नाही, म्हणून वर्षभर मिळत नाही.

ओळखायची खूण देठाच्या तळाशी. अळंबे हळूच उपसलं की देठ जमिनीखाली निमुळता होत मुळासारखा लांब जातो, कधी हातभरसुद्धा. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. खालच्या पडद्या आधी पांढऱ्या, नंतर फिकट गुलाबी. देठाच्या बुडाला पिशवीसारखं आवरण नसतं. देठ वरच्या वर कापून आणलेला माल घेऊ नये, कारण सगळ्यात मोठी खूण तिथेच राहिलेली असते. मळा खणून काढणं तर टाळावंच, पुढच्या वर्षी त्याच जागी यायची ती येत नाहीत.

एक अपवाद: याच कुळातली बारकी, नखाएवढी अळंबी शेकड्यांनी एकदम उगवतात. वाळवीने बाहेर टाकलेल्या मळ्याच्या तुकड्यांवर ती येत असल्याने त्यांना लांब मूळ नसतं.

वर्धेकर
विदर्भात यांना 'सात्या' आणि 'टेकोडे' म्हणतात. गोव्यात 'रोयण अळमी'. रोयण म्हणजे वारूळच. तिथे उगवण्याची जागा नावातच आहे.

घणसोली
'कुत्र्याची छत्री' ही जात नाही. जे खात नाहीत ते सगळं या एका नावात कोंबलेलं असतं: बेचव, निरुपद्रवी आणि विषारी. ठाणे-नवी मुंबईत हे नाव जिथे सर्वांत जास्त ऐकू येतं त्या लॉनवर बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस उगवते. पांढरी, ताटलीएवढी टोपी, वर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं. कोवळेपणी पडद्या पांढऱ्या असतात, त्यामुळे फसगत होते. जून झाल्या की हिरवट होतात.

खात्री करायची तर टोपी देठापासून कापून पडद्या खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर पेला पालथा घाला, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बीजाणूंची हिरवट भुकटी पडलेली दिसली तर ती हीच. अळंबीची भुकटी मळकट गुलाबी असते. पण गुलाबी भुकटी पडली म्हणजे खायला हरकत नाही असं अजिबात नाही; देठ, पिशवी, जागा सगळं जुळायला हवं.

चांदीचं नाणं, लसूण, तांदूळ काळा पडणं, किडे-गोगलगायींनी कुरतडलेली असणं, या एकाही गोष्टीवरून विष कळत नाही. शिजवल्याने सगळी विषं जातात हाही गैरसमज. क्लोरोफायलमने साधारण 1 ते 3 तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. अमानिटा कुळातल्या काहींचं विष 6 ते 24 तासांनी लक्षणं दाखवतं आणि तोवर यकृतावर घाला पडू लागलेला असतो. त्रास जितका उशिरा सुरू होईल तितका धोका मोठा. म्हणून भाजी करताना एक-दोन अळंबी सबंध, कच्ची, कागदात बाजूला ठेवा आणि त्रास झालाच तर ती घेऊन रुग्णालयात जा.

ठाण्याजवळचं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काहीही तोडून आणायचं नसतं.

आगरी रांधप
प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजतात, संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होतात आणि त्यात अळ्या पडतात. पानात किंवा कागदात आणा, त्याच दिवशी करा. मुळाकडचा मातीचा भाग कापून टाका. भिजत घालू नका, पाणी पितात. मिठाच्या पाण्यातून दोनदा भराभर काढा आणि हाताने उभी चिरा. पाव किलोला दोन कांदे, पाव चमचा हळद. कांदा परतून अळंबी टाकायची, पाणी घालायचं नाही, तिला स्वतःचं भरपूर सुटतं. झाकण ठेवून 10-12 मिनिटं, मग झाकण काढून पाणी आटवायचं. ओलं खोबरं, लसूण, मिरची यांचं वाटण शेवटी, नाहीतर ते कच्चट पाणी पिऊन बसतं. कच्ची खाऊ नये. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन घासांवर थांबावं.

नौपाडा
औषधी म्हणतात ती हीच का?

मुरबाडी
नाही. औषधाची ती 'फणसांबा', काही जण 'फणसआळंबी' म्हणतात. फणसाच्या खोडावर वाढणारी, लाकडासारखी टणक, फेलिनस कुळातली. खायची नसते. सहाणेवर पाण्यात उगाळून लेप मुलांच्या तोंडात लावतात: तोंड आलं असेल किंवा लाळ फार गळत असेल तर. पाणी उकळून गार केलेलं आणि सहाण स्वच्छ हवी, कारण तो लेप जखमेवरच लागतो. तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुसऱ्या झाडावरचा तुकडा 'फणसांबा' म्हणून गळ्यात पडू शकतो, तेव्हा खोडासकट दाखवणाऱ्याकडूनच घ्यावा.

पारसिककर
भाजीच्या अळंबीला औषधी म्हणण्याची हल्लीची हौस जुन्या ग्रंथाशी जुळत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 27व्या अध्यायात, 'सर्पच्छत्रक' वगळून इतर छत्रजाती मधुर, थंड, पचायला जड आणि पीनस म्हणजे सर्दी-पडसं करणाऱ्या सांगितल्या आहेत. म्हणजे खाण्याजोगी, पण बेताने.