ब आणि ड विंगच्या गच्चीवरील दोन रेडिओ केंद्रे आणि एकच फ्रिक्वेन्सी

सचिव (अ-१०२) : सर्व सभासदांना नमस्कार. ब आणि ड विंगच्या गच्चीवर हौशी रेडिओचे, म्हणजेच हॅम रेडिओचे, अँटेना लावण्यास मागील सभेत संमती दिली होती. रविवारी संध्याकाळी या दोन्ही केंद्रांना एकमेकांचा अडथळा झाल्याचे समजले, आणि त्याच वेळी अ-३०४ च्या काकूंनी त्यांच्या स्पीकरमधील आवाजाबद्दल कळवले. दोन्ही केंद्रे एकच फ्रिक्वेन्सी वापरतात असे कानावर आले आहे. तसे असेल तर एकाने ती सोडावी की दोघांनी वाटून घ्यावी, याविषयी ब-७०३ च्या काकांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. ड-५०१ मधील ताईंचा परवाना नवीन आहे आणि क विंगमधील आणखी एक जण परीक्षेची तयारी करत आहेत, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा येणार आहे.

अ-३०४ (काकू) : माझी तक्रार नाही, फक्त निरीक्षण सांगते. दिवेलागणीला मी देवघराशेजारच्या छोट्या स्पीकरवर अभंग लावते. गेले काही दिवस मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो, मग बारा-तेरा सेकंद काही नाही, आणि पुन्हा ‘टक्’. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेकंदकाटा समोरच असल्यामुळे मी पाहिले, तर हे बरोबर दर अर्ध्या मिनिटाला होत होते. रविवारी मात्र मधल्या पंधरा सेकंदांच्या ठोक्यालाही तसेच होऊ लागले.

ब-७०३ : काकू, तुमच्या या निरीक्षणातच रविवारच्या घोटाळ्याचे पूर्ण निदान आहे, त्यामुळे तेथूनच सुरुवात करतो.

आम्ही दोघेही ‘एफटी८’ नावाची डिजिटल पद्धत वापरतो. ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक या दोन हॅमनी ती २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. नावातील ‘एफ’ आणि ‘टी’ ही त्यांच्याच आडनावांची आद्याक्षरे, आणि आठचा आकडा त्यात वापरल्या जाणाऱ्या आठ सुरांचा. यातील टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ आहेत, आणि गोंगाटात बुडालेला क्षीण संदेश हुडकून काढण्याची दृष्टी या पद्धतीत ठायी ठायी दिसते. प्रत्येक मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार भाग केलेले असतात. एक केंद्र एका भागात १२.६४ सेकंद संदेश पाठवते आणि पुढच्या भागात ऐकते. ०० आणि ३० सेकंदांना सुरू होणाऱ्या भागाला आम्ही सम स्लॉट म्हणतो, १५ आणि ४५ ला सुरू होणाऱ्याला विषम. संदेश चालू असताना त्याची ताकद एकसारखी राहते, म्हणून स्पीकरमध्ये सतत गुणगुण न येता केवळ सुरुवातीला आणि शेवटी ‘टक्’ होते. मी सम स्लॉटमध्ये पाठवत होतो, म्हणून तुम्हाला अर्ध्या मिनिटाचा ठोका मिळाला. रविवारी ड-५०१ ची ताई विषम स्लॉटमध्ये पाठवू लागली, म्हणून मधलाही मिळाला. याचा अर्थ असा, की मी ऐकत असे तेव्हा ती बोलत असे आणि ती ऐकत असे तेव्हा मी.

आमच्या दोघांच्या अँटेनांमध्ये जेमतेम पन्नास मीटर अंतर आहे. ब्राझील किंवा जपानहून येणारा संदेश माझ्या रिसीव्हरपर्यंत पोहोचतो तेव्हा तो गोंगाटाच्याही खाली असतो, आणि त्याच क्षणी शेजारच्या गच्चीवरून पन्नास वॅट आदळले तर रिसीव्हर स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो आणि दूरचे सगळे नाहीसे होते. कोजागरीच्या रात्री तारे बघायला गच्चीवर जावे आणि कोणी डोळ्यांवर बॅटरी धरावी, तसाच हा प्रकार. त्यामुळे ताईने काही चुकीचे केले असे कोणीही समजू नये. ही गोष्ट तिला आधी सांगणे माझे काम होते आणि ते राहून गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

क-२०१ : मी दूरध्वनी खात्यात नोकरी केलेला माणूस आहे. आमच्याकडे ज्याची त्याची तारांची जोडी ठरलेली असे. मग तुम्हा दोघांना एकेक वेगळी फ्रिक्वेन्सी कायमची नेमून का देता येत नाही?

ब-७०३ : सर, आमचा परवाना दळणवळण मंत्रालयाच्या डब्ल्यूपीसी, म्हणजे बिनतारी फ्रिक्वेन्सींचे नियोजन पाहणाऱ्या, विभागाकडून मिळतो. त्यात केंद्राची ओळखखूण ठरवून दिलेली असते, सामान्य श्रेणीला व्हीयू२ ने आणि मर्यादित श्रेणीला व्हीयू३ ने सुरू होणारी. फ्रिक्वेन्सी मात्र कोणा एकाच्या नावावर नसते. पूर्ण पट्टा सर्वांचा असतो, उदाहरणार्थ १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ. मी तेथे वर्षानुवर्षे बसतो म्हणून ती जागा माझी होत नाही, आणि ताई परवा आली म्हणून तिचा हक्क कणभरही कमी ठरत नाही.

उलट एफटी८ मध्ये तर सगळ्यांनी मुद्दाम एकाच ठिकाणी जमायचे असते. वीस मीटर पट्ट्यावर (पट्ट्यांची ही नावे लहरींच्या लांबीवरून) ते ठिकाण १४.०७४, चाळीस मीटरवर ७.०७४ आणि पंधरा मीटरवर २१.०७४ मेगाहर्ट्झ. या आकड्याच्या वर साधारण तीन हजार हर्ट्झची रुंदी रिसीव्हर एकाच वेळी ऐकतो, प्रत्येक संदेशाला त्यातील फक्त पन्नास हर्ट्झ लागतात, आणि संगणक एका स्लॉटमधील डझनावारी संदेश वेगवेगळे वाचून दाखवतो. आपल्याला नाशिककरांना हे समजायला कठीण जाऊ नये. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात आणि वैष्णव आखाडे येथे रामकुंडावर, म्हणजे जागा वाटलेली असते. आणि रामकुंडावरही कोणता आखाडा कोणामागून उतरेल याचा क्रम आणि वेळ ठरलेली असते. आमच्याकडेही वाटणी अशीच दुहेरी आहे, पन्नास हर्ट्झच्या जागेची आणि पंधरा सेकंदांच्या वेळेची.

वेळेची वाटणी किती दूरवर नेता येते याचे माझे आवडते उदाहरण १४.१०० मेगाहर्ट्झवर आहे. जगभरातील अठरा दिशादर्शक केंद्रांची यादी, ज्यात आपल्याला जवळचे श्रीलंकेतील केंद्रही आहे, या एकाच फ्रिक्वेन्सीवर प्रत्येकी दहा सेकंद अशा क्रमाने तीन मिनिटांत पूर्ण फिरते. त्यांना ऐकून कोणत्या दिशेचा मार्ग उघडा आहे हे कळते, म्हणून कोणत्याही पद्धतीने संदेश पाठवताना ती जागा आपण कटाक्षाने मोकळी ठेवावी.

ड-५०१ : काका, अगदी प्रांजळपणे विचारते. रविवारी मला एका मित्राने कळवले होते, की एक दुर्मीळ केंद्र १४.०७५६२० वर आले आहे. मी रेडिओ नेमका त्या आकड्यावर लावला, तरी ते केंद्र मला दिसलेच नाही. संगणकाचा पडदा बराचसा रिकामा दिसत होता. हा दोषही तुमच्या संदेशाचाच होता का?

ब-७०३ : नाही, ताई, तो दोष फ्रिक्वेन्सी सांगण्याच्या पद्धतीचा आहे, आणि माझ्या मते आजच्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. रेडिओची डायल १४.०७४ वर आणि मोड यूएसबी (अप्पर साइडबँड, म्हणजे डायलच्या वरची बाजू ऐकणारा) ठेवला, तर मित्राने पाहिलेला संदेश त्याच्या वर १,६२० हर्ट्झवर होता. या १,६२० ला आपण ऑफसेट म्हणतो. त्याने दोन्हींची बेरीज करून तुला प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी कळवली आणि तू तीच डायल समजून लावलीस. त्यामुळे तुझी तीन हजार हर्ट्झची खिडकीच वर सरकली, ते केंद्र खिडकीच्या तळाशी गेले आणि अर्धीअधिक गर्दी खिडकीबाहेर राहिली. म्हणून कोणालाही केंद्र सांगताना डायल वेगळी, ऑफसेट वेगळा आणि स्लॉट कोणता, हे तिन्ही सुटे सुटे सांगावे. बेरीज करून एकच आकडा कधीही देऊ नये. पद्धतीचे नावही जोडावे, कारण एफटी४ या दुसऱ्या पद्धतीचे संदेश १४.०८० वर असतात आणि ते एफटी८ मध्ये वाचले जात नाहीत.

आणखी एक सवय आत्ताच लावून घे. त्या केंद्राचा ऑफसेट कळला म्हणून त्याच ऑफसेटवर उत्तर द्यायचे नाही. ते पूर्ण खिडकी ऐकत असते, त्यामुळे तू कोणत्याही मोकळ्या पन्नास हर्ट्झवरून हाक मारलीस तरी त्याला दिसशील. सगळेच त्याच्या जागेवर चढले तर एकमेकांचे संदेश पुसले जातात आणि कोणाचेच काम होत नाही. आपला संदेश रिकाम्या जागेवर ठेवून ती जागा धरून ठेवण्याची सोय संगणकावरील एफटी८ च्या प्रोग्रॅममध्ये आहे. ती चालू ठेव. शक्यतो ऑफसेट १,५०० ते २,००० हर्ट्झच्या दरम्यान राहू दे. त्यामागचे कारण असे, की संगणकातून रेडिओला जाणाऱ्या आवाजाची पातळी जास्त चढली तर ५०० हर्ट्झच्या सुराचे १,००० आणि १,५०० वर खोटे जुळे उमटतात आणि इतरांच्या जागा खातात. १,५०० च्या वरच्या सुराचे जुळे ३,००० च्या पुढे जातात आणि रेडिओची गाळणी त्यांना बरेचसे अडवते.

संगणकाचे घड्याळही रोज पाहायला हवे. ते एक-दोन सेकंदांहून जास्त मागे-पुढे झाले की पडद्यावर संदेशांच्या रेघा छान दिसतात, पण वाचला मात्र एकही जात नाही. गेल्या पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही गेल्यावर माझी एक पूर्ण संध्याकाळ अशीच फुकट गेली होती, तेव्हापासून मी जीपीएसवरून वेळ लावतो.

सचिव (अ-१०२) : माहिती उत्तम आहे, परंतु सोसायटीच्या दृष्टीने ठराव काय करायचा? आणि दोघांनी एकाच वेळी पाठवले तर आपापसात अडथळा वाढणार नाही का?

ब-७०३ : वाढणार नाही, कारण पाठवताना कोणी ऐकतच नसतो. दोघांनी एकाच स्लॉटमध्ये पाठवायचे आणि पुढच्या स्लॉटमध्ये दोघांनीही ऐकायचे. ऑफसेट मात्र वेगवेगळे. यात आम्हाला एकमेकांचे संदेश दिसणार नाहीत, पण त्यासाठी इंटरकॉम आहेच. खरी उणीव वेगळी आहे. आम्ही सम स्लॉटमध्ये पाठवत असू, तर दूरची जी केंद्रे सम स्लॉटमध्येच हाक मारतात ती आम्हाला ऐकूही येणार नाहीत. म्हणून माझा प्रस्ताव असा, की सम तारखेला दोघांनी सम स्लॉट घ्यावा आणि विषम तारखेला विषम. एखाद्याला त्या दिवशी उलटा स्लॉट हवाच असेल, तर त्याने दुसऱ्याला विचारून दुसऱ्या पट्ट्यावर जावे.

सुरू करण्याआधी या ग्रुपवर एका ओळीत पट्टा, डायल, स्लॉट आणि किती वाजेपर्यंत, एवढे टाकावे. मात्र एक मर्यादा मी स्वतःवर घालून घेतली आहे आणि ती ताईनेही पाळावी असे मला वाटते. कोणते केंद्र कोठे आहे हे ग्रुपवर सांगणे योग्य आहे, पण आपला संदेश किती ताकदीने पोहोचला याचा त्याने दिलेला अहवाल किंवा ‘पोहोचले’ ही पावती रेडिओवरच मिळाली पाहिजे. फोनवरून विचारून पूर्ण केलेला संपर्क मी नोंदवहीत लिहीत नाही.

क-२०१ : हा वेळेचा नियम मला पटला. आमच्या मुलाला परीक्षेआधीच हे कळले, हे बरे झाले. त्याचा आत्याकडे पंचवटीत केंद्र मांडण्याचा विचार आहे, म्हणजे तो तुमच्या गर्दीत येणार नाही.

ब-७०३ : सर, त्याला एक गोष्ट अवश्य सांगा. एफटी८ च्या हाकेत ठिकाणाची चार अक्षरांची खूण जाते, आणि २० अंश उत्तर अक्षांशाची रेषा आपल्या शहरातूनच जाते. इंदिरानगरमधील आपली सोसायटी रेषेच्या दक्षिणेला, म्हणून आमची खूण एमके६९. पंचवटी उत्तरेला, म्हणून त्याची एमएल६०. आमची खूण उतरवून घेतली तर त्याचे केंद्र जगाच्या नकाशावर चुकीच्या चौकोनात दिसेल.

सचिव (अ-१०२) : कोणाचाही आक्षेप नसल्यामुळे सम-विषम तारखेचा नियम आजपासून लागू समजावा. आज २४ तारीख आहे. काकूंच्या स्पीकरचे काय?

ब-७०३ : ती जबाबदारी माझी. त्यांच्या स्पीकरच्या वायरवर फेराइटचे (रेडिओलहरींना अडवणारे) कडे बसवायचे आहे आणि माझ्या अँटेनाच्या केबललाही तसाच अडथळा, म्हणजे चोक, घालायचा आहे. उद्या सकाळी १० वाजता येतो, काकू. तोपर्यंत मी पन्नासऐवजी वीस वॅटवर काम करीन.

ड-५०१ : वीस मीटर, एफटी८, डायल १४.०७४, सम स्लॉट, ऑफसेट १,५५०, रात्री ९ पर्यंत. मीही वीस वॅटवरच आहे.

ब-७०३ : डायल आणि स्लॉट तेच, ऑफसेट १,९००. सुरू करतो.

अ-३०४ (काकू) : घड्याळासमोर बसून दहा मिनिटे ऐकले. आवाज पुष्कळ कमी झाला आहे. ‘टक्’ फक्त ०० आणि ३० ला सुरू होते, १५ आणि ४५ ला एकदाही झाले नाही.