सांगली सोडून बेंगलोरला जायचंय, पण ऑगस्टचं काय?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी 28, सांगलीची, एकुलती एक. बेंगलोरला नोकरी लागलीय, पगार इथल्या दुपटीपेक्षा जास्त, 1 जूनला जॉइनिंग. आई-बाबा तोंडाने जा जा म्हणतात, पण आई चार दिवस झाले रोज काहीतरी डब्यात भरतेय, काल बघितलं तर अडीच किलो कांदा-लसूण चटणी, एका माणसाला! विचारलं तर म्हणे तिकडं मिळत नाही, आणि पदर डोळ्याला. मग मी पण सुरू.

खरी भीती वेगळीच आहे. घर गावभागात, तळमजल्यावर. 2019 ला पाणी आलं तेव्हा मी आणि बाबांनी रात्रभर सामान माळ्यावर चढवलेलं, 2021 ला परत तेच. आता बाबा 66, गुडघा गेलाय. जूनमध्ये मी जाणार आणि ऑगस्टमध्ये हे दोघं आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती झाली ते मोबाईलवर बघत बसणार. लग्न करून गेले असते तर कोणी हूं की चूं केलं नसतं, नोकरीसाठी जातेय तर मावशी म्हणते म्हातारपणी टाकून चाललीस. जाऊ का नको? गेले तर स्कूटर न्यायची का? डिपॉझिट किती मागतात? कन्नड अजिबात येत नाही.

नऊ_नंबरवाला
कोल्हापूरचा, इकडे बेंगलोरला आठ वर्षं झाली. जा. डिपॉझिट पूर्वी सर्रास 10 महिन्यांचं भाडं मागायचे, आता घासाघीस केली की बऱ्याच ठिकाणी 5-6 वर येतात. सोडताना पेंटिंगच्या नावाखाली एक भाडं कापतात, ते ॲग्रीमेंटमध्ये आधीच बघ. आणि रूम बघताना पहिला प्रश्न पाण्याचा, कावेरीचं नळाचं पाणी आहे, बोअर आहे का नुसता टँकर? 2024 च्या मार्चमध्ये आमच्या बिल्डिंगीत दिवसाआड बादल्या मोजल्यात आम्ही, पुरातनं आलेल्या माणसाला ते लई विचित्र वाटेल :)

स्कूटर पहिलं वर्ष आणू नको. 12 महिन्यांच्या वर राहिली तर एमएच 10 ची नंबरप्लेट बदलावी लागते, त्याला एनओसी, इकडचा टॅक्स, मग तिकडचा उरलेला परत मागायचा, जुन्या गाडीला एवढा उपद्व्याप कशाला. कन्नडचं टेन्शन घेऊ नको, एष्टु (किती), साकु (पुरे), बेड (नको) एवढ्यावर महिना निघतो. मालकीणबाई 'ऊट आयता?' विचारतील, म्हणजे जेवलीस का. 'आयतु' म्हण, नाहीतर ताट येतं. चटणी मात्र अर्धाच किलो आण, उत्तर कर्नाटकी खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी सगळं मिळतं.

विश्रामबागकर
वरच्या भावानं घरचं सांगितलं, मी पुराचं सांगतो, कारण मूळ प्रश्न तोच दिसतोय. आयर्विनला धोका पातळी 45 फूट, 2019 ला 57 च्या वर गेलेलं. तेव्हा 45 ची वाटच बघायची नाही, 40 ला इशारा आला की आई-बाबा घराबाहेर, कुणाकडे जायचं ते मे महिन्यातच ठरवून ठेव. सामान चढवणारी दोन पोरं आत्ताच बोलून ठेव, पैसे देऊन, उपकार म्हणून नको. कागदपत्रं, दागिने, औषधं एका पिशवीत. फ्रिज बुडला तर बुडू दे. माझे वडील 2019 ला कपाट सोडेनात म्हणून आम्ही बोटीतनं शेवटचे निघालो. तू इथं असलीस काय नसलीस काय, 66 व्या वर्षी त्यांनी कपाट उचलायचंच नाही.

सुधाआजी_मिरज
माझा मुलगा 2016 ला गेला. मी दोन महिने चौघांच्याच पोळ्या लाटत होते, हात थांबायचाच नाही, उरलेल्या सकाळी कुस्करा. मग एक दिवस हिशोब जमला. बाळ, आईला रोज फोन कर पण 'जेवलीस का' विचारून ठेवू नकोस, काहीतरी भांडण काढ, पालेभाजी कशी निवडायची असलं काही विचार, तिला काम पाहिजे असतं. मावशीचं मनावर घेऊ नको, तिची पोरं कुठं असतात ते विचार एकदा.

परतीचा_प्रवासी
सगळे जा म्हणताहेत म्हणून उलटं सांगतो. मी 14 महिन्यांत परत आलो. एकटेपणाने नाही, रोज तीन तास ट्रॅफिकमध्ये जायचे. ऑफिसपासून चालत जाता येईल तिथंच राहा, भाडं जास्त गेलं तरी. परत आलो त्याची लाज वाटत नाही.

कृष्णाकाठची
सगळ्यांना खूप धन्यवाद, आजींचं वाचून आई हसली (आणि रडली पण). मावशीची दोन्ही पोरं पुण्यात आहेत 😀 विश्रामबागकर, आज बाबांसमोर 40 फुटाचा विषय काढला, आधी चिडले, मग स्वतःच म्हणाले शेजारच्या दोन पोरांना मी बोलतो. पगारातनं महिन्याला काही बाजूला ठेवीन म्हटलं तर म्हणाले पैसे माझे मी देईन. गणपतीत पाचव्या दिवसापर्यंत तरी यायचंच आहे, सांगली संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनाला. रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं ना? राणी चन्नम्मा एक्सप्रेसला तेव्हा वेटिंग किती असतं कुणी सांगेल का?

नऊ_नंबरवाला
बुकिंग उघडल्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बस. साडेआठला विचारू नको.