मॉरिशस की बाली? रिटायर झाल्यावर कुठे जावं, जाणकारांनी सांगा

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. आमचे हे पुढच्या वर्षी सरकारी नोकरीतून रिटायर होतायत, मुलगी बाहेर सेटल आहे, आणि आता ह्यांच्या डोक्यात एकच, कुठल्यातरी बेटावर जाऊन राहूया. मी म्हटलं गोव्यात समुद्र कमी पडला काय, तर म्हणे इथला समुद्र आपण टुरिस्टांना देऊन टाकलाय. (खोटं नाही म्हणा, रविवारी कळंगुटला गाडी लावून दाखवा.) व्हिडिओ बघून बघून त्यांचं मन बालीवर बसलंय. माझं मत मॉरिशस, तिथे आपली मराठी माणसं आहेत म्हणून. फोंड्याचं घर विकायचं की ठेवायचं ह्यावरून रोज वाद. पेन्शन तिथे कशी न्यायची, आजारी पडलो तर काय, आणि चवथीचं, म्हणजे गणपतीचं, काय?

मांडवीकाठ:
बालीत परदेशी माणसाला जमीन पूर्ण मालकीने घेता येत नाही हे आधी ह्यांच्या कानावर घाला. तिथल्याच कुणाच्यातरी नावावर घेऊन देतो म्हणणारे एजंट भेटतात, लांब राहा. थायलंडला, म्हणजे फुकेत सामुई वगैरे, पन्नाशीनंतर रिटायरमेंटचा व्हिसा आहे पण तिथल्या बँकेत 8 लाख बाट ठेवा नाहीतर महिन्याला 65 हजार बाटचं उत्पन्न दाखवा, आणि वर दर 90 दिवसांनी पत्ता कळवा. जन्मभर मस्टरवर सह्या केल्या त्या पुरे नाही झाल्या काय?

डिचोलीकर:
बेटावर जाऊन खाणार काय, डब्यातला बांगडा? 😀

कोकमसार:
बांगड्याचं सोडा, हॉस्पिटलचं बघा आधी. मी नोकरीसाठी मॉरिशसला राहिलोय म्हणून सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना दहा वर्षांचं परमिट मिळतं, डॉलरमधली ठरावीक रक्कम बाहेरून तिथल्या बँकेत आणत राहावी लागते, आकडा बदलत असतो तेव्हा तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडूनच घ्या, एजंटकडून नको. इथून पाठवताना वर्षाला 10 लाखांच्या वर गेलात की बँक वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, रिटर्न भरल्यावर वळता होतो पण तोवर पैसे अडकतात, पेन्शनवाल्याला ते जड जातं.

ग्रँड बे म्हणजे तिथलं कळंगुट, ते टाळायला तर चाललाय. कात्र बोर्न किंवा रोझ हिल बघा, बाजार हाताशी, मेट्रो आहे, पोर्ट लुईला गाडीशिवाय जाता येतं. क्युरपीप नको, उंचावर आहे, पाऊस सुटत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. आणि नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळं. सरकार 1 ते 4 अशा पायऱ्यांनी इशारे देतं, 3 लागला की बस बंद, सगळे घरात, त्याच्या आधी ब्रेड, मेणबत्त्या आणि पाण्यासाठी दुकानात ही गर्दी. जानेवारी 2024 च्या बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यावरून गाड्या वाहत गेल्या होत्या.

आता आजारपण. रोजचं ताप-खोकला, बीपी तिथे व्यवस्थित होतं. पण अवघड केस असली तर तिथलं सरकार स्वतःच्या नागरिकांना उपचाराला बाहेर पाठवतं, त्यातले कितीतरी भारतात. तुम्ही मात्र बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल सोडून तिकडे जाणार. इथल्या मेडिक्लेमच्या पॉलिसीत परदेशातला खर्च बहुतेक धरलेला नसतो, कागद नीट वाचा.

चवथीची काळजी नको. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, विसर्जन समुद्रात, आणि मराठी मंडळी झाकरी नाचतात, आपल्या कोकणातल्या जाखडीतलीच. फक्त घरोघरी मराठी ऐकू येईल असं धरून जाऊ नका, नवी पिढी क्रेओल ही तिथली बोलीच बोलते. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान मात्र जमवावं लागेल.

साकवाळी:
घर विकू नका हो. आणि विकायचंच झालं तर गोव्याच्या कायद्यात नवराबायको दोघांचीही सही लागते, तिथे बसून पॉवर ऑफ ॲटर्नी करायची म्हणजे वकिलातीच्या फेऱ्या. भाड्याने द्यायचं तर इथे असतानाच दोघांच्या सहीचं कुणातरी भरवशाच्या माणसाला करून ठेवा. बंद ठेवलंत तर एका पावसात वाळवी दाराच्या चौकटीपर्यंत येते, आमच्या शेजारच्या घराचं बघतेय ना. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो तो आता ऑनलाइन होतो, त्यासाठी यायला नको.

मांडवीकाठ:
आधी भाड्याने राहा, आणि मुद्दाम जानेवारी-फेब्रुवारीत जा. ऑक्टोबरात काय, कुठलंही बेट छानच दिसतं.

फोंडेकरीण:
सगळ्यांचे आभार, ह्यांना वाचून दाखवलं. बालीचं नाव आज तरी निघालं नाही, पण बांबोळीचं ऐकल्यावर जरा गप्प झालेत. घर ठेवायचं हे माझं नक्की, चावी नणंदेकडे. जानेवारीत जाऊन बघू म्हणतायत. कात्र बोर्नला दोन बेडरूमचं महिन्याचं भाडं कुणाला माहीत असेल तर सांगा, पंखे आणि फ्रिजसकट. ग्रँड बेचे आकडे नकोत, ते ह्यांनी काढलेत आणि मी पाहिलेत.